फक्त रिंगा की बोअर-पिस्टन? बुलेट ३५०च्या ब्लॉकची झीज कशी मोजायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८४ सालची बुलेट ३५०, रत्नागिरीला पडवीत बरीच वर्षं उभी होती. आता चालू केली तर निळा धूर येतो, किकला दाब कमी लागतो आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेल येतं. एक मेकॅनिक म्हणतो, "फक्त रिंगा टाकू, काम होऊन जाईल." दुसरा म्हणतो, "बोअर करून नवा पिस्टन टाकल्याशिवाय गत्यंतर नाही." कोणाचं ऐकायचं?

तूर्त कोणाचंच नाही, कारण दोघांनीही ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, मोजलेला नाही. धूर बघून निदान सांगणं आपल्याकडे हुशारीचं समजलं जातं. पण पिस्टनभोवतीच्या रिंगा बदलायच्या की बोअर करायचं, म्हणजे सिलिंडरचं भोक मशिनवर मोठं करायचं, हे धुरावरून ठरत नाही, ब्लॉकच्या आतल्या सहा मापांवरून ठरतं.

तरी हेड (ब्लॉकवरचं झाकण) उतरवण्याआधी दोन-तीन गोष्टी बघून घ्या, नाहीतर चांगला ब्लॉक उगाच मशिनवर चढायचा. बुलेटला डीकॉम्प्रेसर असतो, किक सोपी जावी म्हणून आतला दाब सोडणारा. त्याची केबल जरा ताणलेली राहिली किंवा त्याच्या छोट्या व्हॉल्व्हच्या सीटवर कार्बन बसला, की दाब तिथून निघून जातो आणि खडे मात्र रिंगांच्या नावाने फोडले जातात. तसंच टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या सैलपणाचं. थंड इंजिनात, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला असताना दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले पाहिजेत. ते आवळलेले असतील तर व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही. हे दोन्ही तपासल्याशिवाय दाबाबद्दल काही बोलू नये.

धुराचंही एक ऐकून ठेवा. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून आलात आणि खाली पुन्हा उघडल्यावर एकदम निळा भपका आला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीवर) घ्या. आंबा घाट चढताना, इंजिन जोर लावत असताना सतत धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर. आणि गाडी पंधरा दिवस उभी राहून चालू केल्यावर फक्त पहिली काही मिनिटं धूर येत असेल, तर टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं. तो बुलेटचा जुना स्वभाव आहे. त्याच्यासाठी ब्लॉक उघडायचं कारण नाही.

प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा दाब घ्यायची चाचणी सगळे करतात. तेलाने रिंगांच्या फटी तात्पुरत्या भरतात, म्हणून दाब वाढला तर दोष रिंगा-बोअरकडे; वाढला नाही तर व्हॉल्व्ह, डीकॉम्प्रेसर किंवा हेड गॅस्केटकडे. पण चमचाभर म्हणजे खरंच चमचाभर, ५ मिली. हे इंजिन ३४६ सीसीचं. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाला असतानाची जागा भागिले टोकाला असतानाची जागा) सातच्या आसपास धरला तर हेडमधली जागा ५८ मिलीच्या आसपास येते. त्यात कोणी हात सैल सोडून २० मिली तेल ओतलं, की जागाच ३८ मिली उरते आणि रेशो दहावर जातो. मग रिंगा कशाही असोत, गेज वर चढणारच. अशा आकड्यावर विसंबून पिस्टन किट विकत घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये जमलं तर प्लगच्या जागी अडॅप्टर लावून हवा सोडा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, गाडी टॉप गियरमध्ये, मागचा ब्रेक घट्ट दाबलेला. कार्बोरेटरमधून सूं आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट किंवा डीकॉम्प्रेसर, ब्रीदरच्या नळीतून आला तर रिंगा. ७० मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंमी असतं, त्यामुळे चौरस सेंमीला ३ किलो दाबाच्या हवेचाही पिस्टनवर ११५ किलोचा रेटा येतो. ब्रेक सुटला तर चाक जोरात फिरतं. बोटं चेनपासून लांब ठेवा.

आता हेड आणि ब्लॉक उतरवला असं धरू. मापं घेण्याआधी डोळ्यांनी आणि नखाने बघा. ब्लॉकच्या वरच्या काठाशी, जिथे पहिली रिंग पोचतच नाही, तिथे एक पायरी तयार झालेली असते. आधी तिथला कार्बन खरवडून काढा, कारण कार्बनचा थर पायरीसारखाच लागतो. साफ केल्यावरही नख अडकलं तर झीज नक्की आहे. किती, ते माप सांगेल. उभे ओरखडे नखाला लागतात का ते बघा. नुसते दिसणारे पण नखाला न लागणारे ओरखडे होनिंगमध्ये (दगडाने हलकं घासण्यात) जातात.

तुमच्या गाडीत मला झिजेइतकीच भीती गंजाची वाटते. बंद इंजिनात एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि कोकणातली दमट खारी हवा थेट बिडाच्या भिंतीला लागते. पिस्टन जिथे थांबला होता, तिथे रिंगांच्या उंचीवर गंजाचे आडवे पट्टे दिसतील. वरवरचा तांबूस थर पुसला जातो, पण त्याखाली खड्डे पडलेले असतील तर ते कुठे आहेत हे महत्त्वाचं. अगदी तळाशी, जिथे वायूचा दाब नसतो, तिथले दोन-चार बारीक खड्डे चालून जातात. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असतील तर माप काहीही येवो, बोअर करावंच लागतं. खड्ड्यात तेल साठतं, जळतं आणि रिंगेची धार प्रत्येक फेरीत त्यावर घासते.

आता मापं. बोअर गेज असलेल्या माणसाकडे जा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही बऱ्या बोरिंगवाल्याकडे हे काही मिनिटांचं काम आहे. तीन उंच्या घ्यायच्या: पायरीच्या लगेच खाली, मध्यावर आणि तळाशी. प्रत्येक उंचीला दोन दिशा: गाडीच्या पुढे-मागे आणि डावी-उजवी. आकडे कागदावर लिहून घ्या, "ठीक आहे" किंवा "गेलाय" एवढ्यावर उठू नका. समजा असे आले: वर पुढे-मागे ७०.१४ आणि आडवं ७०.०८, मध्ये ७०.०७ आणि ७०.०५, तळाशी ७०.०३ आणि ७०.०२. वरचं आणि तळाचं पुढे-मागचं माप वजा करा, ०.११ मिमी, हा झाला निमुळतेपणा. वरच्या दोन दिशांमधला फरक ०.०६ मिमी, ही अंडाकृती झीज. मोठ्या मापापेक्षा मला या दोन आकड्यांची काळजी जास्त. ब्लॉक वरपासून खालपर्यंत सारखाच मोठा असता, तर मोठा पिस्टन टाकून भागलं असतं. रिंगेचं नुकसान करतो तो आकारातला बदल.

का ते बघा. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४. वर आणि खाली व्यासात ०.११ मिमीचा फरक असेल, तर वर जाताना रिंगेच्या दोन टोकांमधली फट ०.३५ मिमीने उघडते आणि खाली येताना तेवढीच मिटते. ३००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला शंभर स्ट्रोक करतो. म्हणजे रिंग आपल्या खाचेत सेकंदाला पन्नास वेळा आत आणि पन्नास वेळा बाहेर सरकते आणि प्रत्येक वेळी खाच थोडी थोडी खाते. नवी रिंग टाकली तरी ती हेच करणार. आणि अंडाकृती भोकात गोल रिंग पूर्ण टेकत नाही. दोन बाजूंना चंद्रकोरीसारखी फट राहते, त्यातून वायू खाली जातो आणि तेल वर येतं. म्हणून "फक्त रिंगा टाकू" म्हणणाऱ्याला हे दोन आकडे विचारायचे.

गेज नसेल तर घरी करता येण्याजोगा एक उपाय आहे आणि तो चांगला आहे. एक रिंग ब्लॉकमध्ये तळाशी, न झिजलेल्या भागात बसवा. पिस्टनच्या टाळूने हलकेच ढकलून सरळ करा, तिरकी रिंग खोटं माप देते. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. मग तीच रिंग पायरीच्या खाली नेऊन पुन्हा मोजा. फरकाला ३.१४ने भागलं की व्यासातली झीज मिळते. तळाशी ०.४५ आणि वर ०.८५ आली, तर फरक ०.४०, झीज ०.१२७ मिमी, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत पाच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जुनी रिंगही चालते, कारण फरकच घ्यायचा आहे. एक उणीव लक्षात ठेवा: या पद्धतीने सरासरी व्यास मिळतो, अंडाकृतीपणा लपून राहतो. झीज कमी निघाली तरी मशिनिंग वाचलं असं समजण्याआधी दोन दिशांचं माप घेऊनच या.

मापं घेताना ब्लॉक, पिस्टन आणि गेज एकाच तापमानाला असू द्या. उन्हात ठेवलेला ब्लॉक मोजू नका. कारखान्यातली मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. बीड अंशाला मीटरमागे ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढतं, पिस्टनचं ॲल्युमिनियम २० मायक्रॉनच्या आसपास. मे महिन्यात नागपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांना मोजाल, तर ७० मिमीवर पिस्टन ब्लॉकपेक्षा १५-१६ मायक्रॉन जास्त वाढलेला असेल. पिस्टन आणि भिंतीतली फट तेवढी कमी दिसते, म्हणून बोअर तेवढा मोठा काढला जातो. ठेवायच्या ७५ मायक्रॉनच्या फटीत १५ मायक्रॉन हा पाचवा हिस्सा झाला. विदर्भात उन्हाळ्यात बसवलेले पिस्टन ढिले का निघतात, याचं एक कारण हे.

झीज कुठे आहे, यावरून ती का झाली हेही कळतं. ते कळून घेतलं नाही तर नवा बोअरही त्याच वाटेने जाईल. वर सर्वात जास्त झीज होणं साहजिक आहे. टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, वेग शून्य होतो, तेलाचा पडदा टिकत नाही आणि नेमका तेव्हाच वायूचा दाब आणि उष्णता कळसाला असते. पहिली रिंग भिंतीला मुख्यतः चिकटते ती स्वतःच्या ताणाने नव्हे, तिच्यामागे शिरलेल्या वायूच्या रेट्याने. म्हणून पायरी तिथेच पडते. बुलेटचा क्रँक चाकांच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे पॉवर स्ट्रोकला पिस्टन मागच्या भिंतीवर दाबला जातो. पुढे-मागचं माप आडव्यापेक्षा मोठं येतं ते यामुळे. मागची झीज पुढच्यापेक्षा थोडी जास्त असणं हा दोष नव्हे.

पण वरची झीज फारच जास्त, पहिली रिंग पातळ झालेली आणि तिच्या कडा धारदार, पण तळ आणि ऑइल रिंग (भिंतीवरचं तेल खरवडणारी खालची रिंग) बऱ्या स्थितीत असतील, तर धूळ कार्बोरेटरकडून आलेली आहे. एअर फिल्टर फाटका, किंवा फिल्टर आणि कार्बोरेटरमधला रबर चिरलेला. आवाज भारी येतो म्हणून फिल्टरचा डबाच काढून टाकलेल्या गाड्या मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर फिरतात; त्यांच्या बोअरची दशा अशीच असते. उलट तळाकडे झीज, ऑइल रिंग घासलेली आणि पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) राखाडी, बारीक ओरखड्यांचा असेल, तर कचरा तेलातून आला. तेलाची टाकी आणि तेलाच्या वाटा धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि पिस्टनवर घासल्याची खूण तिरपी असेल, एका बाजूला पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या खिळीच्या) वर आणि दुसऱ्या बाजूला पिनच्या खाली, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. तो सरळ केल्याशिवाय बोअर करणं म्हणजे पैसे पाण्यात.

रॉड हातात आहेच, तर बिग एंडही (रॉडचं क्रँककडचं टोक) बघून घ्या. जुन्या बुलेटला तिथे फ्लोटिंग बुश (मोकळी फिरणारी धातूची कडी) असतो. रॉड डावी-उजवीकडे डुलतो म्हणून घाबरू नका. रॉड वरच्या टोकाला धरून सरळ वर-खाली खेचा. तिथे 'टक' लागलं तर क्रँकही उघडावा लागेल, आणि मग बोअरचा खर्च त्याच वेळी केलेला बरा.

पिस्टन मोजताना एक चूक सर्रास होते. पिस्टन गोल नसतो आणि सरळही नसतो. पिनच्या दिशेला तो मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो आणि वर निमुळता असतो. माप पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या भागात घ्यायचं. पिनच्या दिशेला मायक्रोमीटर लावून "पिस्टन झिजलाय" म्हणणाऱ्याला ते उपकरण परत ठेवायला सांगा. पहिल्या रिंगेची खाच साफ करून त्यात नवी रिंग घाला आणि शेजारी फिलर सरकवा. ०.०५ मिमीच्या आसपास ठीक. ०.१० सहज जात असेल, तर तो पिस्टन नव्या रिंगांनाही तेल वर ओढायला लावेल. टाळूवर काही आकडा कोरलेला आहे का तेही बघा. तिथे "+२०" किंवा "०५०" असेल, तर या ब्लॉकचं एक बोरिंग आधीच झालेलं आहे.

आता निर्णय. या मापाच्या बिडाच्या ब्लॉकसाठी मी असं धरतो: निमुळतेपणा आणि अंडाकृतीपणा दोन्ही ०.०५ मिमीच्या आत, खड्डे नाहीत, पिस्टनच्या खाचा चांगल्या, तर हलकं होनिंग आणि नव्या रिंगा. तेव्हा पहिला मेकॅनिक बरोबर. विशेषतः उभ्या राहिलेल्या गाडीत रिंगा कार्बनने खाचेत नुसत्या चिकटलेल्या असू शकतात. सोडवून साफ केल्यावर बोअर निर्दोष निघतो. निमुळतेपणा ०.१०च्या वर किंवा अंडाकृतीपणा ०.०५च्या वर, तर बोअर, वाद नको. मधल्या पट्ट्यात गाडी कशी वापरायची आहे ते स्वतःला विचारा. रविवारी गावातल्या गावात फिरवायची असेल, तर रिंगांवर दोन वर्षं काढता येतील. घाटातून दोघांना बसवून न्यायची असेल, तर आत्ताच बोअर करा. गाडीसोबत मॅन्युअल असेल तर त्यातली मर्यादा माझ्या आकड्यांपेक्षा वरचढ धरा.

रिंगाच टाकायच्या ठरल्या, तर पायरी आधी रीमरने काढून घ्या. जुन्या रिंगेची वरची कड पायरीच्या आकारात घासून गोल झालेली असते. नवी रिंग चौकोनी कडेची, ती पायरीवर आदळते आणि रिंग नाहीतर पिस्टनची वरची कड तुटते. गुळगुळीत, आरशासारखी झालेली भिंत तशीच ठेवूनही चालत नाही. रिंगा घासून बसायला भिंतीवर बारीक आडव्या-तिरप्या रेषा लागतात.

बोअर करायचं ठरलं, तर पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकसोबत बोरिंगवाल्याच्या हातात द्या. "फिफ्टीचा (०.५० मिमीचा) बोअर करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो" हे कधीही करू नका. ओव्हरसाइज पिस्टन पाव मिमीच्या टप्प्याने बनतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. पण मधले टप्पे प्रत्येक दुकानात असतीलच असं नाही आणि दोन कंपन्यांचे ०.५० एकाच मापाचे असतीलच असंही नाही. शक्य तितका लहान टप्पा घ्या, पण झीज पूर्ण निघाली पाहिजे. शेवटचा टप्पा संपलेला असेल तर स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकच्या आत बसवायची नवी नळी. ती चांगली बसली तर पुन्हा स्टँडर्ड पिस्टन टाकता येतो. पण ढिली बसवलेली स्लीव्ह उष्णता ब्लॉकच्या बाहेरच्या फिन्सपर्यंत (हवेने थंड होणाऱ्या पात्यांपर्यंत) पोचू देत नाही आणि एअर-कूल्ड इंजिनात त्याचा शेवट जॅममध्ये होतो.

बोरिंगवाल्याला दोन गोष्टी सांगा. मशिन झिजलेल्या भागावर सेंटर करू नका, तळाच्या न झिजलेल्या भागावर करा. झीज एका बाजूला असते, तिच्यावर सेंटर केलं तर बोअरच सरकतो. आणि ब्लॉकची बैठक गॅस्केटचा कण न् कण काढून साफ केलेली असू दे. कटर शेवटच्या मापाच्या दोन-तीन थाऊ आधी थांबवायचा, उरलेलं होनने काढायचं. पिस्टन आणि भिंतीतली फट पिस्टनच्या डब्यावर लिहिलेली असेल ती. लिहिलेली नसेल तर या इंजिनाला ३ ते ४ थाऊ, म्हणजे ७५ ते १०० मायक्रॉन ठेवतात. "घट्ट ठेवा, जास्त टिकेल" हा आग्रह वॉटर-कूल्ड गाड्यांवरून आलेला आहे, इथे तो पहिल्याच घाटात पिस्टन जॅम करतो. रिंगेची फट ०.२५ ते ०.३० मिमी, प्रत्येक रिंग ब्लॉकमध्ये घालून मोजायची, पाकिटावर विश्वास ठेवायचा नाही. कमी असेल तर बारीक कानसीने घासा, कारण गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडली तर रिंग तुटते.

होनिंगनंतरची धुलाई हे सर्वात दुर्लक्षित काम. पेट्रोल किंवा केरोसीन दगडाची भुकटी रेषांमधून काढत नाही, नुसती पसरवते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश. पांढरं फडकं तेलात बुडवून भिंतीवरून फिरवा, ते राखाडी निघत असेल तर पुन्हा धुवा. वाळल्याबरोबर तेल लावा. पावसाळ्यात रत्नागिरीला उघडा बोअर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस होतो.

'टॉप' लिहिलेली बाजू वर, तिन्ही रिंगांच्या फटी एकमेकींपासून १२० अंशांवर, एकही फट पुढे किंवा मागे थेट रेट्याच्या भिंतीवर नको. पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी स्टँडवर तासभर आयडलला ठेवायची जुनी पद्धत सोडून द्या. त्याने इंजिन तापतं आणि रिंगांमागे दाब नसल्याने त्या बसत नाहीत. थोडी गरम होऊ द्या आणि रस्त्यावर न्या. पहिले ५०० किलोमीटर ४०-५०च्या वेगात, पण एकाच वेगात नाही. थोडा थ्रॉटल उघडायचा, सोडायचा, पुन्हा उघडायचा. टॉप गियरमध्ये गचके खात ओढायची नाही. दर पंचवीस-तीस किलोमीटरला थांबून हात जवळ नेऊन ब्लॉकची धग बघा. तेल साधं खनिज २०डब्ल्यू-५०, सिंथेटिक अजिबात नको. ५०० किलोमीटरला ते काढून पांढऱ्या ताटलीत ओता. बिडाची बारीक करडी चमक दिसणारच. चांदीसारखे पत्रे तरंगताना दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि ब्लॉक परत उतरवा.